मगदूम अण्णांचा घसा

आमच्या शाळेत शंभर मीटरची शर्यत पंधरा-सोळा सेकंदांत संपते. मगदूम अण्णांच्या कर्ण्यावर ती साडेतीन मिनिटं चालायची. हे मी अंदाजपंचे सांगत नाही. मी गणिताची शिक्षिका आणि क्रीडादिनाला स्टॉपवॉच माझ्याच गळ्यात असायचं.

त्याचं असं व्हायचं. शिट्टी वाजली, पोरं सुटली की अण्णा माईकवर म्हणायचे, "मुलं पळायला तयार आहेत!" तोवर पोरं निम्म्यावर. मग तेच कन्नडमध्ये, "मक्कळु ओडलिक्क तयार अदार!" तोवर पोरं रेषा ओलांडून ग्लुकोजच्या पाण्याकडे. मग उर्दू शाळेच्या बाजूला तोंड करून, "बच्चे भागने कू तयार हैं!" एव्हाना पुढच्या गटाची पोरं रेषेवर येऊन वाकलेली असत, त्यामुळे हे तिसरं वाक्य तेवढं खरं ठरायचं.

"अण्णा, शर्यत संपली!" असं कुणी ओरडलं की ते माईकवर तळवा ठेवायचे आणि शांतपणे म्हणायचे, "जरा दम काढा की. कन्नड यायचंय."

हे "कन्नड यायचंय" आमच्या स्टाफरूममध्ये इतकं रुळलं होतं की चहा यायला उशीर झाला तरी आम्ही तेच म्हणायचो.

आमची शाळा निपाणीच्या जरा बाहेर, हायवेला लागून. एका कंपाउंडात मराठी विभाग आणि कन्नड विभाग, आणि भिंतीपलीकडे उर्दू शाळा. शाळा तीन, मैदान एक. त्यामुळे वर्षातून एकदा क्रीडादिन तिघांचा मिळून होतो. सकाळी मराठीच्या मुली लेझीम खेळतात, कन्नडची पोरं कमरेला डोळ्ळू बांधून वाजवतात, उर्दू शाळेचं बँडपथक पुढून चालत जातं. तिघांनाही आपलंच सगळ्यांत भारी वाटतं आणि उरलेल्या दोघांचं लक्ष नसताना तिघंही एकमेकांची वाद्यं वाजवून बघतात. बाहेरच्या माणसाला हे फार गोड दिसतं. आतून, कुणाच्या लेझमीला किती वेळ दिला आणि कुणाच्या डोळ्ळूला किती, यावर पालक पुढे चार दिवस बोलत असतात.

आणि या सगळ्याच्या मधोमध खुर्ची टाकून, माईक धरून मगदूम अण्णा. हुद्द्याने शाळेचे क्लार्क. बुटके, पांढरा शर्ट, पॅन्ट बरगड्यांपर्यंत ओढलेली, केसांना खोबरेल. वडील मराठी, आई गोकाकच्या बाजूची कन्नड, आणि लहानपण उर्दू शाळेमागच्या गल्लीत गेलेलं. तिन्ही भाषा ते सारख्याच वेगाने, म्हणजे सारख्याच हळू बोलायचे.

क्रीडादिनाला त्यांचे खिसे फुगलेले असत. त्यात चिंचोके असायचे. खुर्चीखालच्या डब्यातून दर वाक्याला एक चिंचोका उचलायचा. मराठीचा शर्टाच्या खिशात, कन्नडचा पॅन्टच्या डाव्या, उर्दूचा उजव्या. संध्याकाळी तिन्ही खिसे ऑफिसच्या टेबलावर रिकामे करून मोजायचे. सारखे भरले की मगच माणूस घरी जाणार.

एका वर्षी उर्दूचा एक चिंचोका कमी भरला. लांब उडीच्या वेळी वीज गेली होती, त्यात ते वाक्य बुडालं. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा भिंतीपलीकडे गेले, तिथल्या हेडसरांची परवानगी काढली आणि प्रार्थनेला उभ्या असलेल्या पोरांसमोर म्हणाले, "कल लंबी कूद में सब बच्चे अच्छा कूदे." एवढंच बोलून नमस्कार केला, चहा घेतला आणि परत आले. येऊन तो चिंचोका डब्यात टाकला तेव्हा त्यांचा चेहरा कर्ज फेडलेल्या माणसासारखा दिसत होता.

"अण्णा, कोण मोजतंय हो?" मी विचारलं.

"कोण मोजत न्हाय म्हणूनच मोजायला लागतंय, बाई. ज्या दिवशी ती मोजाय लागत्याल, त्या दिवशी आपलं ग्राउंड ग्राउंड ऱ्हायचं न्हाय."

एकाच खेळात अण्णा आणि शर्यत बरोबरीने चालायचे. सायकल स्लो रेस. जो शेवटी पोचेल तो जिंकला, ज्याचा पाय जमिनीला टेकला तो बाद. "खरा खेळ त्योच. बाकीची नुसती पळापळ," असं त्यांचं मत. दरवर्षी ते हेडसरांना लेखी विनंती करायचे की ही शर्यत सगळ्या गटांना ठेवावी. हेडसर दरवर्षी ती फायलीला लावायचे, आणि फाईल सांभाळायला पुन्हा अण्णाच. स्टाफच्या स्लो रेसमध्ये मात्र ते स्वतः उतरायचे, आपली काळी सायकल घेऊन. दिवसभरात तेवढाच वेळ कर्णा गप्प असायचा, कारण बोलणाराच सायकलवर. ते बहुतेक वेळा जिंकायचेही. पण जिंकून खुर्चीवर येऊन बसायचे आणि थेट पुढच्या शर्यतीची घोषणा करायचे. स्वतःचं नाव स्वतःच कसं घ्यायचं, असं त्यांना वाटत असणार. आमच्यापैकी कुणी माईक उचलून ते घ्यावं, हे इतक्या वर्षांत आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. का, असं विचारलं तर उत्तर तयार असायचं, "तीन भाषेत पत्रिका छापायची म्हटल्यावर छापखान्यानं हात जोडलं." आम्ही हसायचो आणि विषय तिथेच संपायचा. घरी आई होती. म्हातारपणी तिची नजर गेली, तरी ती क्रीडादिनाला यायची. कंपाउंडजवळच्या लिंबाखाली पोत्यावर बसायची आणि कर्ण्याकडे कान लावायची. प्रत्येक शर्यतीनंतर अण्णा पाण्याचा तांब्या घेऊन तिच्याकडे जायचे. ती एकच विचारायची, "कडीक यार बंदरु?" म्हणजे, शेवटी कोण आलं?

मी एकदा हसून म्हटलं, "अण्णा, आज्जी पहिला कोण ते विचारत नाहीत?"

"पयल्याचं नाव समदं गाव सांगतंय, बाई. तिला ऱ्हायलेल्याचं पायजे."

म्हणून अण्णांचा एक नियम होता. शर्यतीतलं शेवटचं पोर रेषा ओलांडेपर्यंत ते दुसऱ्या शर्यतीचा शब्द काढायचे नाहीत. आठशे मीटरला एखादं पोर दीड फेरी मागे पडलेलं असायचं, बाकीची बसून चप्पल शोधत असायची, पाहुणे घड्याळ बघत असायचे, आणि अण्णा खुर्चीवरून उठून उभे राहून त्या पोराचं नाव घेत असायचे. नुसतं हजेरीतलं नाव नव्हे. घरात ज्या नावाने हाक मारतात ते. तेही आधी घरच्या भाषेत आणि मग उरलेल्या दोन्हींत. ते पोर खाली घातलेली मान वर करायचं. मी स्टॉपवॉच हातात धरून वैतागलेली असायची, पण तेही खरं, की अण्णांच्या माईकवर एकाही पोराने शर्यत अर्ध्यावर सोडलेली मी पाहिली नाही.

या नावांसाठी त्यांची एक दोनशे पानी वही होती. क्रीडादिन जवळ आला की मधल्या सुट्टीत ते वर्गावर्गात फिरायचे. "तुला घरात काय म्हणून हाक मारत्यात रं?" पोरं लाजायची, मग एखादं शेजारचं पोर चुगली करायचं. वहीत उभे रकाने आखलेले होते : नाव, वर्ग, घरात हाक, हाक मारणारं माणूस, घरची भाषा. हा शेवटचा रकाना बघून मला पहिल्यांदा कळलं की माझ्या मराठी वर्गातल्या कितीतरी पोरांच्या घरी कन्नड बोलतात, कन्नड विभागातल्या कितीतरी जणांची आज्जी मराठीशिवाय बोलत नाही, आणि दोन्हीकडे मिळून अकरा पोरं घरी जाऊन "अम्मी" म्हणतात. मी अठरा वर्षं त्यांना लसावि-मसावि शिकवत होते आणि मला यातलं काही ठाऊक नव्हतं.

उच्चाराबद्दल ते फार हट्टी. उर्दू शाळेत एक झुबेदा होती, तिच्या नावातला पहिला उच्चार जमेना म्हणून हा माणूस चार दिवस ऑफिसात बसून डासासारखा आवाज काढत होता. फी भरायला आलेल्या पालकांनी फिनेल मारायला सांगितलं.

तर असे अण्णा. आता माझं सांगते.

तीन वर्षांपूर्वी क्रीडादिनाची मुख्य म्हणून माझी नेमणूक झाली. शाळेचं ते मोठं वर्ष होतं, मोठे पाहुणे येणार होते आणि त्यांना बाराला निघायचं होतं. आदल्या वर्षी बक्षीस समारंभ लांबून दोन वाजले होते, मांडवात पोरं उन्हाने कोमेजली होती. शाळेच्या कमिटीने विचारलं, काय करता येईल? मी घरून कागदावर सगळं मांडूनच गेले होते. शर्यती इतक्या, दर शर्यतीला वाक्यं इतकी, दर वाक्य गुणिले तीन. फळ्यावर लिहून दाखवलं. अण्णांचे तब्बल दोन तास पाच मिनिटं निघाली.

"मग माईकवर दुसरं कुणीतरी घेऊया," कमिटीतले एक जण म्हणाले. बेळगावात एक तरुण सूत्रसंचालक आहे, सोबत गाणी लावायचं यंत्रही आणतो, हिंदी आणि इंग्रजीत झटपट उरकतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. हेडसर माझ्याकडे वळले. "बाई, अण्णांना तुम्हीच सांगा. तुमचं ऐकतात."

सांगायला काय हरकत होती? "अण्णा, या वर्षी वेळ कमी आहे," एवढं खरं सांगितलं असतं तरी चाललं असतं. ऑफिसात गेले तर ते वहीत नावं लिहीत बसले होते. मला बघून म्हणाले, "बाई, औंदा दोनशे तीस झाली. आठवीतली एक पोरगी तेवढी सांगंना, तिच्या आज्जीला बाजारात गाठून इचारून आलो." आणि माझ्या तोंडून खरं काही निघेना. मी म्हणाले, "अण्णा, तुमचा घसा मला हल्ली बसल्यासारखा वाटतो. जपायला हवा. या वर्षी माईकवर दुसरा माणूस आणलाय. तुम्ही निवांत बसून बघा."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा घसा ठणठणीत होता, हे त्यांना ठाऊक आणि मला ठाऊक.

"व्हय?" ते म्हणाले. मग एकदा खाकरून बघितलं. "व्हय की. बसल्यासारखा वाटतोय खरा."

मग वही बंद करून त्यांनी ती माझ्यापुढे सरकवली. "त्या पाव्हण्या पोराला एवढी द्या. तीन भाषेत बोलू दे न्हायतर एका. नाव तेवढं घरातलं घे म्हणावं. आणि शेवटचं पोर यिस्तवर थांब म्हणावं."

मी वही पर्समध्ये टाकली. सुटल्यासारखं वाटलं. माणसाने इतक्या सहज ऐकून घेतलं की आपल्याला वाटतं, त्याला फारसं लागलं नसेल.

दुसऱ्या दिवशी अण्णा मफलर गुंडाळून आले. टेबलावर गरम पाण्याचा थर्मास. कुणी काही विचारलं की घशाकडे बोट दाखवायचे. "माईक कुणीतरी काढून घेतला काय अण्णांचा?" असं कन्नड विभागातल्या ड्रॉइंग मास्तरांनी जरा चढ्या आवाजात विचारलं, तेव्हा अण्णा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "छे वो! मीच न्हाय म्हणलो. डॉक्टरनं बोलू नको म्हणून सांगितलंय." मी शेजारीच हजेरीपट घेऊन उभी होते. मी मान खाली घालून सही केली.

क्रीडादिन घड्याळाप्रमाणे पार पडला. सूत्रसंचालक पोरगा हुशार होता, त्याचा काहीच दोष नाही. पाहुण्यांचं स्वागत, गाणं. लेझीम, गाणं. डोळ्ळू, गाणं. शर्यती धडाधड निघत होत्या. पोरांच्या छातीवर नंबर लावले होते. "नंबर सेव्हन्टीन, व्हॉट अ रन!" आपलाच नंबर सतरा आहे हे सतराव्या पोरालाही मान खाली घालून बघावं लागत होतं. मी वही सूत्रसंचालकाला दिलीच नव्हती. सकाळच्या धांदलीत विसरले, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे पर्स माझ्या खांद्यालाच होती. त्या पोराला वही दाखवली तर तो वेळ खाईल, असं मला वाटलं होतं.

अण्णा लिंबाखाली बसले होते. आई जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. ती बसायची त्याच जागेवर, मफलर गुंडाळून. मांडीवर रिकामे हात.

मुलींची आठशे मीटर सुरू झाली. कन्नड विभागातली अक्षता नावाची आठवीतली मुलगी पहिल्या फेरीपासूनच मागे पडली. बाकीच्या पोचल्या, पहिल्या तिघींचे नंबर पुकारले गेले, टाळ्या झाल्या आणि सूत्रसंचालकाने नेहमीप्रमाणे गाणं लावलं. पुढच्या शर्यतीची पोरं रेषेवर यायला लागली. अक्षता अजून मैदानाच्या पलीकडच्या टोकाला एकटी पळत होती. मी स्टॉपवॉच केव्हाच थांबवलं होतं.

तेवढ्यात लिंबाखालून अण्णा उठले. दोन पावलं पुढे आले, दोन्ही तळवे तोंडापाशी धरले आणि ओरडायला लागले. काय ओरडतायत ते मला ऐकू येईना. मी त्यांच्यापासून फार लांब नव्हते, तरीही. गाणं दणदणत होतं, आणि कर्णा नसला तर या माणसाचा आवाज केवढासा आहे, हे मला त्या दिवशी समजलं. ओठ हलताना दिसत होते. थोडं थांबून पुन्हा हलायचे, पुन्हा थांबून पुन्हा. तिन्ही भाषांत चाललं होतं.

अक्षताने एकदा मांडवाकडे पाहिलं. तिला दिसलं की रेषेवर दुसरीच मुलं उभी आहेत. ती पळायची थांबली, चालायला लागली, मग तिने छातीवरचा नंबर काढला आणि मैदानातून बाहेर पडून सरळ पाण्याच्या टाकीमागे गेली. अण्णा तोंडापाशी हात तसेच धरून उभे होते. बाराला दहा कमी असताना समारंभ संपला आणि कमिटीने माझं अभिनंदन केलं.

संध्याकाळी घरी पर्स रिकामी करताना वही हाताला लागली. मी आठवीचं पान काढलं. अक्षता, आठवी, कन्नड विभाग. घरात हाक : गुब्बी. हाक मारणारं माणूस : आज्जी. कन्नडमध्ये गुब्बी म्हणजे चिमणी. ज्या पोरीच्या आज्जीला अण्णांनी बाजारात गाठलं होतं, ती हीच.

मग पानं चाळत शेवटपर्यंत गेले. शेवटच्या पानावर स्टाफची स्लो रेस होती. ड्रॉइंग मास्तरांपासून शिपायापर्यंत सगळ्यांची घरातली नावं त्यांनी कुठून तरी काढली होती. माझंसुद्धा होतं, माहेरचं, बरोबर होतं. सगळ्यांत खाली : अण्णाप्पा मगदूम, क्लार्क. घरात हाक : आणू. हाक मारणारं माणूस या रकान्यात 'आई' लिहून त्यावर एक रेघ मारलेली होती. पुढे काही लिहिलेलं नव्हतं.

मी रडले. माणसाशी कसं वागले हे कळलं की रडू येतंच, त्यात माझं काही मोठेपण नाही.

सोमवारी शाळा भरायच्या आधी ऑफिसात गेले. "अण्णा, चुकलं माझं. पुढच्या वर्षी माईक तुम्हीच घ्यायचा. मी कमिटीला सांगते."

ते थर्मासच्या झाकणात गरम पाणी ओतत होते. "आता कसं जमतंय, बाई?"

"का? तुमचा घसा चांगला आहे. आपल्या दोघांनाही माहीत आहे."

"आपल्या दोघास्नी म्हाईत हाय. पर मी घसा गेला म्हणून तिन्ही शाळांत सांगून बसलोय. डॉक्टरचं नाव घेतलंय. आता एकदम बोलाय लागलो तर लोकं म्हणत्याल, मग तवा माईक का काढला? कन्नडवाली म्हणत्याल मराठीच्या बाईनं काढला. उर्दूवाली म्हणत्याल आमची भाषा नको म्हणून काढला. मराठीवाली आणि काय तरी म्हणत्याल. तुम्ही खोट्या पडाल." ते पाणी प्यायले. "आणि खोटं पडायला तुम्ही काय वाईट मनानं केलासा? वेळच लई खाल्ला की मी."

मला वाटत होतं, ते माझं खोटं पचवतायत. अण्णा तर माझ्यासाठी ते खोटं चालवत होते. मफलर माझ्यासाठी होता, थर्मास माझ्यासाठी होता. भर एप्रिलमध्ये, निपाणीच्या उन्हात, हा माणूस गळ्याला लोकर गुंडाळून घामाने निथळत बसायचा आणि कुणी आलं की घोगऱ्या आवाजात बोलायचा. मी एकटी असले तर मात्र स्वच्छ आवाजात विचारायचा, "बाई, चहा सांगू काय?" मला कितीदा वाटलं, स्टाफ मीटिंगमध्ये उभं राहून खरं काय ते सांगून टाकावं. एकदा उभीही राहिले. अण्णा कोपऱ्यातून माझ्याकडे बघून मान हलवत होते, नको, नको. मी परीक्षेच्या वेळापत्रकाबद्दल काहीतरी विचारून खाली बसले. भित्र्या माणसाला दुसऱ्याचं मोठं मन फार सोयीचं पडतं.

पुढचा क्रीडादिन आला तो अण्णांच्या नोकरीतला शेवटचा. मी कमिटीला सांगितलं, बाहेरचा माणूस नको, माईक मी घेते. वही मी परत केली नव्हती आणि त्यांनी मागितली नव्हती. नव्या पोरांची नावं आम्ही दोघांनी मिळून लिहिली. ते कानात सांगायचे, मी लिहायची. अक्षताच्या वर्गात मी एकटीच गेले. तिचं नाव कुठल्याच शर्यतीत नव्हतं. "आठशे मीटर?" मी विचारलं. "नको टीचर," एवढंच म्हणून ती बाकावर रेघा मारत राहिली. ती पोरगी त्यानंतर कधीच पळाली नाही. यंदा दहावी झाली, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मीच नजर घातली. गुब्बी म्हणून तिला मी कर्ण्यावरून हाक मारायला हवी होती, ती वेळ गेली ती गेलीच.

त्या दिवशी माईक धरल्यावर समजलं की तीन भाषांत बोलणं हे वेळखाऊ नाही, ते अवघड आहे. माझं कन्नड बाजारातलं, उर्दू त्याहून वाईट. पोरं हसत होती. मी हजेरीतलं नाव घेत होते, घरातलं घेत होते, शेवटचं पोर येईपर्यंत थांबत होते. लिंबाखालून अण्णा बोटांनी खुणा करत होते, एक, दोन, आणि तिसरं राहिलं म्हणून तीन. चिंचोके त्यांच्याच मांडीवर होते.

मग स्टाफची सायकल स्लो रेस आली. सहा जण होते. अण्णांनी मफलर घट्ट केला आणि काळी सायकल रेषेवर आणली. शिट्टी झाली. पहिल्या दहा फुटांतच हेडसरांचा पाय टेकला. ड्रॉइंग मास्तर भसकन पुढे गेले. शेवटी दोघं उरले, आणि दोघांत अण्णा मागे. हँडल डावीकडे, उजवीकडे, सायकल जागच्या जागी उभी असल्यासारखी. सगळं मैदान श्वास रोखून बघत होतं. दरवर्षी याच वेळी कर्णा गप्प असायचा.

मी वहीचं शेवटचं पान उघडलं. माईक तोंडाशी नेला.

"आणू," मी म्हणाले. "हळू ये रे, आणू."

कर्ण्याचा आवाज हायवेपर्यंत गेला. अण्णांचा पाय जमिनीवर टेकला.

पंचाने शिट्टी मारली, "अण्णा, बाद!" पोरं अरेरे म्हणाली. अण्णा जागचे हलले नाहीत. एक पाय पायडलवर, एक मातीत, तसेच उभे राहून ते कर्ण्याकडे बघत होते, माझ्याकडे नाही. मी माईक ठेवून त्यांच्याकडे जायला उठले, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. आणि वर्षभरात पहिल्यांदा, तिन्ही शाळांसमोर, त्या माणसाने आपल्या मोकळ्या, मुळीच न बसलेल्या आवाजात म्हटलं,

"बाई, कन्नड यायचंय."

मी परत खाली बसले. मला येत होतं तेवढं जुळवलं. "आणू, मेल्लग बारप्पा." मग उर्दू शाळेच्या बाजूला तोंड करून उर्दूतही बोलले.

ते तिन्ही होईपर्यंत शर्यत केव्हाच संपली होती.